स्प्रिंगच्या एअर रायफलला दोन हजारात बायपॉड : माझ्या नोंदी

8 डिसेंबर 2024, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, नाहीतर मागच्या वेळेस स्कोपच्या माउंटचं झालं तसंच होणार, काय केलं कशानं फरक पडला काहीच आठवत नाही आणि तीच चूक परत करायची. तर विषय बायपॉड, म्हणजे बंदुकीच्या पुढच्या भागाखाली लावायचे दोन पाय. बंदूक माझी साधीच, नळी मोडून कमान ताणायची स्प्रिंगवाली देशी एअर रायफल, 0.177 इंच म्हणजे साडेचार मिमीची, ताकद 20 ज्यूलच्या आतली, त्यामुळं लायसनची भानगड नाही. वर 3 ते 9 पट मोठं दाखवणारा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. लातूर जिल्ह्यात औशाच्या अलीकडं आमचं शेत आहे तिथं विहिरीजवळ ताडपत्री टाकून पालथं पडून मारतो. 20 मीटर, टेपनं मोजलेले, पावलं टाकून नाही.

आतापर्यंत वाळूच्या पिशवीवर ठेवून मारायचो. पिशवी दर वेळेस बसते, सरकते, उंची बदलते, आणि मान अवघडते ते वेगळंच. म्हणून बायपॉड पाहिजे. ते अमेरिकन हॅरिस कंपनीचं नावाजलेलं आहे पण आपल्याला इथं पडेपर्यंत त्याची किंमत माझ्या बंदुकीच्या वर जाते, तेव्हा ते सोडा. बजेट 2000, त्याच्या वर एक रुपया नाही असं घरात सांगितलंय.

घ्यायच्या आधी आजची स्थिती मोजून ठेवली. वाळूची पिशवी घोड्याच्या (ट्रिगरच्या) गार्डच्या थोडं पुढं, तिच्यावर डावा तळहात उघडा, त्यावर बंदूक नुसती टेकवलेली, घट्ट धरायची नाही. पाच-पाच छर्‍यांचे पाच कागद. ग्रुप म्हणजे कागदावरची भोकं किती पसरली ते, जितका लहान तितका चांगला. तो बाहेरच्या कडांपासून व्हर्निअरनं मोजून त्यातून एका भोकाचे साडेचार वजा. सरासरी 22 मिमी. एक कागद 31 चा होता, त्याला मीच जबाबदार, त्या वेळेस आबांनी विहिरीची मोटार चालू केली आन् मी दचकलो.

11 डिसेंबर

पहिला बायपॉड आला. 640 रुपयेवाला, नळीला चिमट्यासारखा पकडायचा. घेताना अक्कल कुठं गेली होती माहीत नाही, स्वस्त दिसला आन् घेतला.

अहो माझी बंदूक नळी मोडून भरायची! नळीलाच पाय बांधले तर मोडताना पाय वर हवेत, दर छर्‍याला उचला, मोडा, भरा, परत मांडा. तेही चाललं असतं पण नळीच्या टोकाला वजन आणि खालून जोर दोन्ही येतात. संध्याकाळी उजेड होता तोवर दहा छर्रे मारले. ग्रुप 48 मिमी आणि सगळा गठ्ठा नेहमीपेक्षा चार बोटं वर. काढून ठेवला. माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार परत गुंडाळायचं दुकान आहे, तिथं टेबलावर टॉर्च धरायला मात्र हा चिमटा झकास बसतोय, तेवढं काम करील बापडा.

15 डिसेंबर, रविवार

बायपॉड बंदुकीला लावायच्या पद्धती बघत बसलो होतो. एक म्हणजे पट्ट्याचं कडं ज्याला अडकतं तो स्टड. दुसरी पिकाटिनी रेल, त्या आडव्या खाचांच्या पट्ट्या असतात ना त्या. तिसरी एम-लॉक, लांब भोकांची, ती आपल्याकडच्या साध्या लाकडी दस्त्याच्या बंदुकीला नसतेच.

मला वाटलं सोपंय, दस्त्याच्या पुढच्या भागात खालून स्टडचा स्क्रू पिळू. ड्रिल हातात घेतलं, बंदूक उलटी केली आन् गप बसलो. खालून तिथं लांब गाळाच आहे, नळी मोडताना जो दांडा मागं जातो त्याच्यासाठी लाकूड कोरलेलं असतं. मधोमध स्क्रू धरायला लाकूडच नाही. स्प्रिंगच्या बहुतेक मोडायच्या बंदुकांना हे असंच असतं आणि बायपॉड विकणारा कुणी हे सांगत नाही, जाहिरातीत नुसतं "सर्व रायफलसाठी योग्य". भोक पाडलं असतं तर दांडा अडकला असता आणि दस्ता गेला असता तो गेलाच.

मग रेलचाच विचार. गाळा जिथं संपतो तिथून घोड्याच्या गार्डपर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर भरीव लाकूड आहे, आणि गार्डचा पुढचा स्क्रू तसाही आत लोखंडात जातो. तोच स्क्रू थोडा लांब घेऊन रेलचा तुकडा त्याखाली दाबायचा, पुढच्या टोकाला एक लाकडाचा स्क्रू. लातूरच्या गंजगोलाईत दोन-तीन दुकानं फिरून त्याच आट्याचा लांब स्क्रू मिळाला, 5 रुपये. सोळा रस्ते फुटतात त्या गोलाईला, दर वेळेस मी चुकीच्याच रस्त्यानं बाहेर पडतो.

रेल निवडायचं आणखी एक कारण म्हणजे नांदेडचा मेहुणा. त्यानं यंदा पीसीपी घेतलीय, म्हणजे टाकीत आधीच दाबून हवा भरलेली, कमान नाही काही नाही, ती पण 20 ज्यूलच्या आतली. तिला खालून रेल कंपनीकडूनच आहे. एकच बायपॉड दोघांना.

19 डिसेंबर

दुसरा आला. 1750. हॅरिससारखाच दिसणारा, पाय 6 ते 9 इंच, बाजूला दोन उघड्या स्प्रिंगा, पायाला खाचा, बटण दाबलं की पाय झटकन आत. जाहिरातीतल्या फोटोत वरचा भाग डावी-उजवीकडं कलतो असं दाखवलं होतं, आलेला कलत नाही. विकणार्‍याला विचारलं तर म्हणे फोटो माहितीसाठी असतो. असू दे, खाली येईल ते.

किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, 410 ग्रॅम. आता जवळून :

डावा पाय बाहेर येतो तो निम्म्यातच अडकतो. खोलून बघितलं तर आतल्या नळीच्या कडेला कापताना उरलेली खरखर, बोटाला लागते इतकी. बारीक कानशीनं घासली, थोडं ग्रीस, आता लोण्यासारखा येतो. उजव्याला उलटं दुखणं, आतली नळी सैल, पाय लांब केला की टोक तीन-चार मिमी लपलपतंय. इथं आपला धंदा कामाला आला, मोटारीच्या खाचांत घालतो तो लेदरॉइड पेपर, त्याची एक पट्टी आत गुंडाळून घातली. लपलप नव्वद टक्के गेली. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा पण चालतो पण तो अ‍ॅल्युमिनियमवर घासून काळं करतो.

रेलचा जबडा. पिकाटिनीची खाच 5.23 मिमी रुंद असते, दोन खाचांच्या मधलं अंतर 10 मिमीच्या आसपास. ह्या बायपॉडचा आडवा बोल्ट साडेचारचा भरला. म्हणजे पाऊण मिमी रिकामं, तेवढं पुढं-मागं सरकणार. म्हणून नुसतं आवळायचं नाही, बायपॉड पुढं ढकलून बोल्ट खाचेच्या कडेला टेकवायचा आणि मग आवळायचं. हे केलं नाही तर महिनाभर छर्‍यांना शिव्या देत बसाल.

रबराचे बूट टणक प्लॅस्टिक निघाले. त्याचं नंतर बघू.

22 डिसेंबर, रविवार

आज सकाळी सात ते दहा. थंडी बरी होती, तूर काढायला माणसं अजून यायची होती म्हणून रान मोकळं.

छर्रे अडवायला मी पत्र्याची जुनी पेटी ठेवतो. आधी तिच्यात काळ्या मातीचा चिखल थापायचो पण काळी माती ती काळी माती, आठ दिवसांत सुकून हाताएवढ्या भेगा, छर्रा भेगेतून जाऊन मागं पत्र्यावर टण्. आता चिंध्या ठासून भरल्यात, पुढं जुनी रबरी मॅट. बांधावर नुसता दगड असेल तर त्यावर कधीच मारू नका, काळ्या पाषाणावरून छर्रा उलटून येतो. चष्मा घालूनच, घरचे हसले तरी.

तर आजचा हिशेब. बायपॉड रेलच्या पुढच्या खाचेत, सगळं 20 मीटरवर, पाच-पाचचे तीन-तीन कागद.

पंपाच्या खोलीच्या सिमेंटच्या ओट्यावरून : 41 मिमी, आणि ठोका (छर्रा लागायची जागा) नेहमीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर वर.
शेतात ताडपत्रीवरून : 30.
ताडपत्रीवर आबांचं घोंगडं चार पदरी करून त्यावर : 26.
आणि शेवटी ते सगळं काढून नुसती वाळूची पिशवी आणि तळहात : 21.

म्हणजे 1750 रुपये घालून मी मागं गेलो!

डोकं लावलं तेव्हा उलगडलं. स्प्रिंगच्या बंदुकीला दोन धक्के असतात. घोडा सुटला की आतला दट्ट्या पुढं पळतो तेव्हा बंदूक मागं येते, मग दट्ट्या पुढच्या हवेच्या गादीवर आदळतो तेव्हा बंदूक पुढं झेप घेते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. म्हणजे बंदूक हलत असतानाच छर्रा निघतो. दर वेळेस ती सारखीच हलली पाहिजे, बस. सिमेंटवर टणक पाय म्हणजे ती उडते, प्रत्येक वेळी वेगळी उडते. घोंगड्यावर जरा दम घेते. तळहातावर तिला मोकळीक मिळते म्हणून ती रोज तसंच वागते. तिला धरून ठेवणं हाच अपराध.

आबा चहा घेऊन आले, मला घोंगड्यावर पालथा बघून म्हणाले, "काय करायलास रे? ते घोंगडं थंडीचं हाय, बंदुकीचं नव्हं."

30 डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या

आज येळवस. लातूर-धाराशिवकडचं कुणी वाचत असेल त्याला सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी : आज अख्खं गाव शेतात असतं, कडब्याची कोप म्हणजे खोपी, तिच्यात पाच पांडवांची पूजा, आणि जेवायला भज्जी, उंडे, आंबील. शेतात शेजारपाजारची लेकरं पळत असतात. बंदूक घरी कपाटात, छर्रे वेगळ्या डब्यात, कुलूप. मेहुणा त्याची पीसीपी घेऊन आला होता, ती पण गाडीतून काढू दिली नाही. तो जरा हिरमुसला पण आंबिलीचा दुसरा तांब्या झाल्यावर विसरला.

जेवताना चर्चा मात्र बंदुकीचीच. शेजारच्या शेतवाल्या काकांनी विचारलं, "ते कोल्हापूरच्या पोरानं पॅरिसात मेडल आणलं, त्याच्या बंदुकीला असले पाय होते का?" नाही ना. स्वप्नील कुसाळेचं कांस्य 50 मीटर थ्री पोझिशनचं, गुडघ्यावर, पालथं आणि उभं, आणि पालथं सुद्धा पट्टा हाताला आवळून मारतात, बायपॉड चालत नाही. 10 मीटर एअर रायफलला तर सगळं उभ्यानंच, आणि तिथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेनाच्या टोकाएवढा. आपलं हे पायावर ठेवून मारणं म्हणजे बंदूक आणि छर्रे तपासायचा खेळ, खेळाडूपण नाही.

त्याच काकांचा दुसरा प्रश्न दरवर्षीचा, हरभर्‍यात डुकरं येतात, मोर तुरीच्या शेंगा खातात, एखादा छर्रा टाकत जा की. काका, मोराला हात लावला तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मी आत आणि बंदूक जप्त, आणि डुकराला असला छर्रा म्हणजे नुसतं जखमी करून सोडायचं. काका म्हणाले मंग त्या बंदुकीचा उपेग काय. याला उत्तर नाही माझ्याकडं.

5 जानेवारी 2025, रविवार

मेहुणा परत आला, या वेळी फक्त बंदुकीसाठी. त्याच्या पीसीपीवर तोच 1750 वाला बायपॉड, तोच सिमेंटचा ओटा, 20 मीटर. पहिलाच कागद 11 मिमी. दुसरा 9. तिसर्‍यात चार छर्रे एकाच भोकात आणि पाचवा बाजूला, 10.

मी कागदाकडं बघतच राहिलो. म्हणजे बायपॉडचा दोषच नव्हता.

पीसीपीला तो दुहेरी धक्का नाही, झडप उघडते, हवा सुटते, छर्रा जातो, बंदूक जागची हलल्यासारखी वाटत सुद्धा नाही. तिला उलट थोडं दाबलेलं आवडतं. खांद्यानं बंदूक हलकीशी पुढं रेटायची म्हणजे बायपॉडचे पाय ताणात येतात, पायातली उरलीसुरली लपलप त्या ताणात संपते. हेच मी माझ्या बंदुकीला केलं तर ग्रुप 45 च्या वर जातो, करून बघितलं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, बायपॉड चांगलाय, बंदूक बदला." तुझी बहीण बजेट मंजूर करील का ते तिलाच विचार म्हटलं.

9 जानेवारी

मेहुणा परवा एक तक्रार सांगून गेला, त्याचे ठोके कधी डावीकडं कधी उजवीकडं जातात, वर-खाली नाहीत. हे कलण्याचं आहे. आपलं शेत काही टेबल नाही, एका पायाखाली ढेकूळ आलं की बंदूक कलली. कलली की स्कोपची उभी रेघ तिरकी, आणि छर्रा पडायची जी उंची आपण स्कोपमध्ये वर देऊन भरून काढलेली असते ती आता बाजूला जाते. 20 मीटरला छर्रा साधारण पाचेक सेंटिमीटर पडतो असं धरलं तर 5 अंश कललं की चार-साडेचार मिमी बाजूला. 10 मिमीच्या ग्रुपवाल्याला ते दिसतं, माझ्या 22 वाल्याला कळलंच नसतं.

पाय एका खाचेनं कमी-जास्त करून जमंल असं वाटलं होतं. मोजलं. दोन खाचांत अर्धा इंच, दोन पायांच्या टोकांत 20 सेंटिमीटर, म्हणजे एका खाचेला साडेतीन अंश. एकदम एवढी उडी कामाची नाही. म्हणजे वर कलणारा सांधा पाहिजेच, जो फोटोत होता आणि खोक्यात नव्हता.

नवा कलणारा घ्यायचा तर आणखी दोन हजार. नाही घेत. स्वतः करतो.

14 जानेवारी, संक्रांत

तिळगूळ खात दुकानात बसून केला. 40 बाय 40 चा अ‍ॅल्युमिनियम अँगल, 6 मिमी जाड, भंगारातून 60 रुपयांत. त्याचे दोन तुकडे, एक रेलच्या जबड्याला खालून बोल्ट, दुसरा बायपॉडच्या डोक्यावर. दोघांच्या उभ्या बाजू पाठीला पाठ लावून त्यातून नळीच्या दिशेनं एकच M8 बोल्ट आरपार. त्या बोल्टभोवती वरचा भाग डावी-उजवीकडं कलतो.

पहिल्यांदा साधा नट लावला, दोन ठोक्यांत सैल. मग नायलॉकचा नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा, आणि दोन अँगलच्या मधे मोटारीतलाच फायबरचा वॉशर. आता हातानं जोर दिला तर कलतो, सोडला की तिथंच राहतो. बघायला बैलगाडीच्या जुवासारखं दिसतंय. उंची अडीच-तीन सेंटिमीटरनं वाढली, ती माझ्या पोटाला बरीच झाली. 95 ग्रॅम वजन वाढलं.

घरच्यांनी विचारलं, "अहो, आज तरी मोटारी सोडून गोड बोला की." मोटार नव्हतीच ती पण बोललो नाही.

19 जानेवारी, रविवार

दोन गोष्टी तपासल्या.

एक, बूट. टेनिसचा जुना चेंडू, वर अधिक चिन्हासारखी चीर दिली आणि पायात घातला, दोन पाय दोन चेंडू. ओट्यावरून माझ्या स्प्रिंगच्या बंदुकीचा ग्रुप 41 वरून 29 ला आला. फुकटात! मुलांच्या क्रिकेटमधून दोन चेंडू कमी झाले त्यावर घरी चौकशी चालू आहे.

दोन, जागा. बायपॉड पुढच्या खाचेतून काढून अगदी मागं, घोड्याच्या गार्डला चिकटून. बंदुकीचं वजन तिथं तोललं जातं त्यामुळं तिला मोकळं हलता येतं. चेंडू आणि मागची जागा दोन्ही मिळून 24 मिमी. चांगलंय. पण एक गोची, पाय इतके मागं आले की पाय आणि खांदा यांच्यातलं अंतर उरत नाही, मग दस्ता मागं केसभर हलला तरी स्कोपमधली फुली कागदाच्या बाहेर फिरून येते. श्वास सुद्धा दिसतो. 24 निघाले पण प्रत्येक छर्‍याला मिनिट-मिनिट लागलं आणि डोळ्यात पाणी.

पिशवीवर तेच 21-22, आरामात, चहा पीत.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून शेतात. मेहुणा नांदेडहून आला. त्याच्या पीसीपीवर कलणारा सांधा, चेंडू काढून (तिला चेंडू आवडत नाहीत, रेटलं की लदलदतात), साधे बूट. मुद्दाम ढेकळांच्या जागेवरून, स्कोपच्या माउंटवर छोटी स्पिरिट लेव्हल चिकटवून. पाच कागद : 10, 9, 12, 8, 10. डावं-उजवं गेलं.

माझ्या बंदुकीवरून रेल उतरवली. गार्डला जुना स्क्रू परत लावला, लाकडातलं एक भोक मेणानं बुजवलं. पिशवीच नीट केली : जुन्या जीन्सचा पाय, गुडघ्यापासून खालचा, एका बाजूनं शिवून, चाळलेली वाळू, तीन चतुर्थांशच भरायची, गच्च भरली तर ती पण ओट्यासारखीच वागते. वर मध्ये मूठ मारून खळगा. पहिला कागद 20, दुसरा 19. हे 19 म्हणजे या बंदुकीवरचं माझं आजवरचं सगळ्यात चांगलं.

खर्च : 640 + 1750 + 60 अँगल + 5 स्क्रू + रेलचा तुकडा 220 + नट-वॉशर 30 = 2705. घरात 2000 सांगितलेले आहेत.

बायपॉड, सांधा आणि रेलचा तुकडा मेहुण्याला 1800 ला दिला. तो म्हणाला दाजी 1500 करा, मी म्हटलं सांध्याची मजुरी कोण देणार, शेवटी 1650 ला तुटलं. फोनवरून पैसे आले तेव्हा आमच्या घरच्या बाजूलाच उभ्या होत्या, मेसेज मोठ्यानं वाचला स्पीकरनं. कशाचे म्हणून विचारलं तेव्हा मेहुणा गाडीत हवा भरायला निघून गेला.